विद्युत् पाकटाच्या मज्जातंतूंची टोके अ‍ॅसिटिलकोलीन कशी सोडतात?

खाडीकाठ

मज्जातंतूच्या टोकातून पुढच्या पेशीला संदेश देणारे अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन कसे बाहेर पडते, हा विषय मराठीत निघाला की तो बहुधा बेडकाचा स्नायू आणि बर्नार्ड काट्झ यांच्या प्रयोगांपाशी थांबतो. ते प्रयोग थोरच आहेत. परंतु त्यांत मोजली गेली ती वीज, रसायन नव्हे. रसायन प्रत्यक्ष हाती घेऊन मोजणे, ते ज्या सूक्ष्म पुटिकांत साठवलेले असते त्या वेगळ्या काढणे आणि त्या पुटिकांवरची प्रथिने ओळखणे, हे काम मोठ्या प्रमाणावर टॉर्पेडो या समुद्री माशामुळे शक्य झाले. याच माशाच्या आधारे, रसायन पुटिकांतूनच सुटते या सिद्धान्तावर सर्वांत गंभीर आक्षेपही घेतले गेले. दोन्ही बाजूंची चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

टॉर्पेडो हा पाकटांच्या वर्गातला मासा आहे. त्याच्या चपट्या, गोलसर धडात डोक्याच्या दोन्ही बाजूंना मूत्रपिंडाच्या आकाराचा एकेक विद्युत् अवयव असतो. कातडी बाजूला केली की पाठीपासून पोटापर्यंत उभे गेलेले, बहुकोनी स्तंभ एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. जॉन हंटर यांनी १७७३ साली हे स्तंभ मोजले, तेव्हा एका माशाच्या एका अवयवात ते ४७० भरले आणि एका फार मोठ्या माशात ११८२ भरले. एवढ्याशा अवयवाला इतके जाड आणि इतके विपुल मज्जातंतू कशासाठी येतात, याचे हंटर यांना विशेष नवल वाटले होते. अ‍ॅसिटिलकोलीनचा पत्ता लागायला तेव्हा दीडशे वर्षांचा अवकाश होता, तरीही निरीक्षण नेमके होते.

प्रत्येक स्तंभात शेकडो पातळ, पसरट पेशींची चळत असते. या विद्युत्पेशी भ्रूणावस्थेत स्नायूपेशीच असतात; पुढे त्या आकुंचनाची सामग्री गमावतात, मात्र अ‍ॅसिटिलकोलीनचे ग्राही, म्हणजे ते रसायन टिपणारी प्रथिने, राखतात आणि वाढवतात. पेशीचा खालचा, म्हणजे पोटाकडचा पृष्ठभाग मज्जातंतूंच्या टोकांनी जवळजवळ पूर्ण झाकलेला असतो, तर वरच्या पृष्ठभागावर एकही टोक नसते. मेंदूतल्या विद्युत् खंडांतून आदेश निघाला की सगळ्या टोकांतून एकाच वेळी अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडते, खालच्या पटलातले ग्राही उघडतात, सोडियमचे आयन आत शिरतात आणि प्रत्येक पेशीच्या दोन पृष्ठभागांमध्ये शंभर मिलिव्होल्टपेक्षा कमी दाब निर्माण होतो. टॉर्चमध्ये एकामागे एक घातलेल्या सेलप्रमाणे या दाबांची बेरीज होते आणि टॉर्पेडो मार्मोराटा या जातीत ती सुमारे पन्नास व्होल्टपर्यंत जाते.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की टॉर्पेडोची विद्युत्पेशी स्वतःहून विद्युत् आवेग निर्माण करत नाही. स्नायूपेशीत अ‍ॅसिटिलकोलीनने सुरुवात करून दिली की पुढचे काम पेशीच्या पटलातल्या सोडियम वाहिन्या करतात. येथे तशी सोय नाही. जेवढे अ‍ॅसिटिलकोलीन सुटले, तेवढाच झटका बसतो. ज्याला मज्जातंतूच्या टोकाचा अभ्यास करायचा आहे, त्याला याहून सोयीची ऊती निसर्गात मिळणे कठीण आहे.

१९३९ साली फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील आर्काशों येथे विल्हेल्म फेल्डबर्ग आणि आल्फ्रेड फेसार यांनी हे सिद्ध करून दाखवले. त्यांनी विद्युत् अवयवाच्या रक्तवाहिन्यांतून द्रव वाहता ठेवला, अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकर इसेरीनने थोपवले, मज्जातंतू उत्तेजित केले आणि बाहेर आलेला द्रव जळूच्या स्नायूवर टाकून पाहिला. स्नायू आकसला. उलट बाजूने, धमनीतून अ‍ॅसिटिलकोलीन आत सोडल्यावर मज्जातंतूला हातही न लावता अवयवाने वीज दिली. युद्धाच्या धामधुमीत हे संशोधन सविस्तर प्रसिद्ध व्हायला १९४२ साल उजाडले.

रसायन सुटते, हे असे निश्चित झाले. ते टोकाच्या आत नेमके कोठे असते आणि पटल ओलांडून बाहेर कसे येते, हा प्रश्न पुढची पन्नास वर्षे गाजला.

सह्यकडा

अतिशय उपयुक्त धागा. मी अभियांत्रिकीचा माणूस आहे, त्यामुळे माझ्या शंका प्राथमिक असतील. दक्षिण अमेरिकेतल्या विद्युत् ईलचा झटका शेकडो व्होल्टचा असतो असे वाचले आहे. मग पन्नास व्होल्टच्या माशाला एवढे महत्त्व का? आणि बेरीज व्हायची असेल तर हजारो पेशींना एकाच क्षणी आदेश मिळायला हवा. मध्ये रासायनिक टप्पा असताना हा एकाच वेळेचा मेळ कसा साधतो?

खाडीकाठ

सह्यकडा, आपल्या दोन्ही शंका मुद्द्याच्या आहेत.

विद्युत् ईल गोड्या पाण्यात राहतो. गोड्या पाण्याचा रोध मोठा असल्यामुळे तेथे दाब मोठा लागतो, म्हणून त्याच्या पेशींच्या चळती लांबच लांब असतात. २०१९ साली वेगळी जात म्हणून नोंदवल्या गेलेल्या इलेक्ट्रोफोरस व्होल्टाय या ईलमध्ये ८६० व्होल्टपर्यंत दाब मोजला गेला आहे. समुद्राचे पाणी खारे आणि सुवाहक असल्यामुळे टॉर्पेडोला दाब कमी पण प्रवाह मोठा लागतो, म्हणून त्याच्या चळती आखूड आहेत आणि शेजारी शेजारी त्यांची संख्या भरपूर आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठा फरक असा की ईलच्या पेशीत सोडियम वाहिन्या असतात आणि बराचसा दाब त्यांच्यामुळे तयार होतो. सोडियम वाहिनीच्या अभ्यासाला म्हणूनच ईल उपयोगी पडला; क्योतो येथील शोसाकू नुमा यांच्या गटाने १९८४ साली त्या वाहिनीची पूर्ण रचनाक्रमवारी (अमिनो आम्लांचा क्रम) ईलपासूनच मिळवली. मज्जातंतूंच्या टोकांसाठी मात्र टॉर्पेडोच हवा.

हा मेळ साधण्याचा भार दोन गोष्टींवर आहे. मेंदूतल्या आदेश देणाऱ्या पेशी एकत्रच पेटतात, हा पहिला भाग. दुसरा भाग टोकांत घडतो. आवेग टोकापर्यंत पोहोचला की पटलातल्या कॅल्शियम वाहिन्या उघडतात, त्यांच्या तोंडाशीच कॅल्शियमचे प्रमाण क्षणभर प्रचंड वाढते आणि मिलिसेकंदाच्या एका अंशात अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडते. रासायनिक टप्पा म्हटला की तो संथ असणार अशी आपली समजूत असते. येथे तो एवढा जलद आहे की पुढे झालेल्या वादात 'इतक्या थोड्या वेळात पुटिका पटलाशी एकरूप होऊन फुटणे शक्य आहे काय', हाच एक मुख्य आक्षेप ठरला.

शरीरक्रिया

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. काट्झ यांचा उल्लेख धाग्यात ओझरता आला आहे. तो थोडा भरून काढते, कारण त्याशिवाय टॉर्पेडोवरचा वाद समजणार नाही.

पॉल फॅट आणि काट्झ यांनी १९५२ साली बेडकाच्या स्नायूवर असे दाखवले की मज्जातंतू शांत असतानाही चेतासंधीवर, म्हणजे मज्जातंतू आणि स्नायू जेथे भेटतात तेथे, अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे लहान लहान ठोके अधूनमधून उमटत राहतात. पुढे होसे देल कास्तियो यांच्यासह केलेल्या कामातून दिसले की पूर्ण प्रतिसाद हा अशाच ठोक्यांच्या पूर्णांकी बेरजेचा बनलेला असतो. म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन अखंड धारेने न येता ठराविक मापांच्या पुंजांत येते. त्याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टोकांत पुटिकांची गर्दी दिसली, आणि एक पुंज म्हणजे एका पुटिकेतला माल, हे समीकरण मांडले गेले. काट्झ यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते उल्फ फोन ऑयलर आणि ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांच्याबरोबर विभागून.

हे समीकरण आकर्षक होते, तरी पुटिकेत खरोखर अ‍ॅसिटिलकोलीन आहे का आणि असल्यास किती, हे स्नायूवरून सांगता येत नव्हते. स्नायूत चेतासंधींचे प्रमाण इतके नगण्य असते की रसायनशास्त्रज्ञाच्या हाती काहीच लागत नाही. खाडीकाठ, या ठिकाणी व्हिक्टर व्हिटेकर यांच्या कामाविषयी आपण विस्ताराने लिहावे, अशी विनंती आहे.

खाडीकाठ

आपण जागा नेमकी दाखवलीत. व्हिटेकर यांनी आधी इंग्लंडमध्ये सस्तन प्राण्यांच्या मेंदूपासून तुटलेली मज्जातंतूंची टोके वेगळी काढली होती. तुटल्यावर ती आपोआप बंद होऊन लहान पिशव्यांसारखी टिकतात. परंतु मेंदूत नाना प्रकारची टोके एकत्र मिसळलेली असतात. टॉर्पेडोच्या अवयवातली टोके जवळजवळ सगळी एकाच रसायनाची. म्हणून ते टॉर्पेडोकडे वळले आणि पुढे ग्योटिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत त्यांच्या गटाने हे काम अनेक वर्षे चालवले.

ही ऊती हाताळण्याची पद्धत मला फार मोलाची वाटते. अवयवात संयोजी ऊतीचे चिवट धागे पुष्कळ असतात, त्यामुळे नेहमीच्या घुसळणीत पुटिका फुटून जातात. यावर उपाय म्हणून ऊती द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून काचेसारखी ठिसूळ करायची, तिचा चुरा करायचा आणि योग्य द्रावणात तो वितळू द्यायचा, म्हणजे पुटिका अखंड बाहेर येतात. द्रावणही विचारपूर्वक निवडावे लागते. पाकट आणि मुशी यांच्या रक्तात युरिया भरपूर असल्यामुळे त्यांच्या शरीरद्रवाचा परासरणी दाब समुद्राच्या पाण्याएवढा असतो. सस्तन प्राण्यांसाठीचे द्रावण वापरले तर पुटिका पाणी शोषून फुटतील. त्यानंतर साखरेच्या घनतेचा चढता उतार केलेल्या नळीत, वेगाने फिरणाऱ्या अपकेंद्री यंत्रात, त्या आपापल्या घनतेच्या थराला जाऊन स्थिरावतात.

अशा पुटिका सुमारे ९० नॅनोमीटर व्यासाच्या निघाल्या, म्हणजे स्नायूकडे जाणाऱ्या टोकांतल्या पुटिकांच्या जवळजवळ दुप्पट. पूर्ण भरलेल्या एका पुटिकेत अ‍ॅसिटिलकोलीनचे सुमारे दोन लाख रेणू असतात, असे या गटाच्या मोजणीतून निघाले. सोबत एटीपी हे पेशीतले ऊर्जावाहक रसायनही सापडले. एवढे रसायन आत भरण्यासाठी पुटिकेच्या पटलातला पंप आधी प्रोटॉन आत ढकलतो, आणि ते प्रोटॉन बाहेर जाताना त्यांच्या बदल्यात अ‍ॅसिटिलकोलीन आत घेतले जाते. व्हेसामिकॉल नावाचे औषध ही अदलाबदल रोखते. कॅलिफोर्नियात टॉर्पेडोच्याच पुटिका वापरून तिचा बारकाईने अभ्यास झाला.

आपल्या किनाऱ्याचा संबंधही येथे येतो. सॅन फ्रान्सिस्को येथील रेजिस केली यांच्या गटाने १९७८ साली नार्सिने या प्रजातीच्या पाकटापासून, सच्छिद्र काचेच्या मण्यांच्या स्तंभातून गाळून, अत्यंत शुद्ध पुटिका मिळवल्या. त्याच नार्सिने प्रजातीतल्या जाती आणि तिची नातलग नार्के अरबी समुद्रात आढळतात.

मृद्गंध

व्हिटेकर यांच्या कामाविषयी आदर आहेच. परंतु पुटिकेत अ‍ॅसिटिलकोलीन साठवलेले आहे, एवढ्यावरून ते पुटिकेतूनच सुटते असे सिद्ध होत नाही, आणि हा आक्षेप टॉर्पेडोवर काम करणाऱ्यांनीच घेतला होता. फ्रान्समध्ये जिफ-स्यूर-इव्हेत येथे मोरिस इस्राएल आणि जिनिव्हा येथे इव्ह द्युनाँ यांचे मुद्दे धाग्यात यायला हवेत. पाठ्यपुस्तकांनी त्यांना जवळजवळ वगळले आहे.

टोकातले अ‍ॅसिटिलकोलीन दोन ठिकाणी असते, काही पुटिकांत आणि काही मोकळे, पेशीद्रवात. ऊती कुटली की मोकळे रसायन विकराच्या तावडीत सापडून नष्ट होते आणि पुटिकांतले शिल्लक राहते. या युक्तीने दोन्ही साठे वेगवेगळे मोजता येतात. मज्जातंतू उत्तेजित केल्यावर त्यांना असे दिसले की मोकळा साठा खर्च होतो व पुन्हा भरतो, आणि पुटिकांतला साठा पहिल्या काही काळात जवळपास तसाच राहतो. शिवाय नुकतेच तयार झालेले अ‍ॅसिटिलकोलीन जुन्याच्या आधी बाहेर पडते.

त्यांची मोजण्याची पद्धतही विलक्षण होती. टॉर्पेडोची तुटलेली टोके द्रावणात ठेवायची. सुटलेल्या अ‍ॅसिटिलकोलीनचे विकराने कोलीन करायचे. कोलीनवर दुसरे विकर चालवून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करायचे. आणि त्या पेरॉक्साइडने ल्युमिनॉलला प्रकाश द्यायला लावायचे. कॅल्शियम आत गेले की नळी उजळते आणि रसायन सुटताना त्याच क्षणी प्रकाशाच्या रूपाने मोजले जाते. या पद्धतीचा आधार घेऊन त्यांनी टोकाच्या पटलातले एक प्रथिन शुद्ध केले, कृत्रिम मेदपिशव्यांच्या पटलात बसवले आणि १९८६ साली दाखवले की अशा पिशव्याही कॅल्शियम मिळताच अ‍ॅसिटिलकोलीन सोडतात. तेथे पुटिका एकही नव्हती. या प्रथिनाला त्यांनी मीडिएटोफोर म्हटले.

आणखी एक हिशेब पाहावा. स्टीफन कफलर आणि डोजू योशिकामी यांनी १९७५ साली सापाच्या स्नायूवर एका पुंजातले रेणू दहा हजारांहून कमी असल्याचे दाखवले. टॉर्पेडोतल्या पुंजाचे माप इस्राएल आणि द्युनाँ यांच्या हिशेबात त्याच घरात येते. मग दोन लाख रेणूंची पुटिका एका पुंजाएवढी कशी मानायची?

शरीरक्रिया

मृद्गंध, शेवटचा हिशेब मला अर्धाच पटतो. आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. व्यास दुप्पट झाला की पोटातली जागा आठपट होते. त्यामुळे टॉर्पेडोच्या पुटिकेत रेणू कितीतरी जास्त असणे स्वाभाविकच आहे. खरी अडचण टॉर्पेडोतल्या पुंजाच्या मापाची आहे, आणि तेथे सर्व पुटिका सारख्याच भरलेल्या असतात असे गृहीत धरल्यामुळे गाठ घट्ट होते.

खाडीकाठ

ती गाठ सोडवण्याचा धागा त्याच अवयवात सापडला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मृद्गंध यांनी मांडलेली निरीक्षणे खरी आहेत आणि ती प्रामाणिकपणे केलेली आहेत, यात मला शंका नाही. माझे मत त्यांच्या अन्वयार्थाबाबत वेगळे आहे.

हर्बर्ट झिमरमान आणि व्हिटेकर यांनी १९७० च्या दशकात मज्जातंतू दीर्घकाळ उत्तेजित करून टॉर्पेडोचा अवयव थकवला. तेव्हा पुटिकांची संख्या व त्यांतले रसायन दोन्ही घटले आणि ते भरून यायला कित्येक तास लागले. मधल्या काळात घनतेच्या उतारावर पुटिकांचा दुसरा थर दिसू लागला: आकाराने लहान, घनतेने जड, अर्धवट भरलेल्या. या वापरून परत आलेल्या पुटिका होत्या, आणि नुकतेच बनलेले किरणोत्सारी अ‍ॅसिटिलकोलीन प्रामुख्याने त्यांच्यातच शिरत होते. नवे रसायन आधी बाहेर पडते हे निरीक्षण त्यामुळे पुटिकांच्या सिद्धान्ताविरुद्ध जात नाही. काम करणारा साठा लहान आणि मागे राखीव असलेला साठा मोठा, एवढेच त्यातून निघते. पुटिकांतला एकूण साठा मोजणाऱ्याला त्या छोट्या साठ्यातली उलाढाल दिसणार नाही.

याहून निर्णायक मला वाटते ते खोट्या क्षेपकांचे, म्हणजे नकली संदेशवाहक रेणूंचे, काम. कोलीनऐवजी त्याच्याशी साम्य असलेले रेणू माशाला दिले की टोक त्यांपासून अ‍ॅसिटिलकोलीनची नक्कल तयार करते. काही नकला पेशीद्रवात सहज बनतात, पण पुटिकांत त्यांचा शिरकाव निराळ्या प्रमाणात होतो. म्हणजे खऱ्या आणि खोट्या रेणूंचे प्रमाण दोन साठ्यांत वेगवेगळे राहते. आता मज्जातंतू उत्तेजित करून बाहेर आलेल्या मिश्रणातले प्रमाण मोजायचे. ते पुटिकांशी, विशेषतः वापरून परतलेल्या पुटिकांशी जुळले; पेशीद्रवाशी जुळले नाही. प्रश्न इतक्या सरळपणे विचारणारा प्रयोग विरळाच.

पुढचे पुरावे प्रथिनांकडून आले. रिचर्ड शेलर यांच्या स्टॅनफर्डमधील गटाने १९८८ साली टॉर्पेडोच्या विद्युत् अवयवातून पुटिकेच्या पटलावरचे एक लहानसे प्रथिन ओळखले आणि त्याला व्हॅम्प हे नाव दिले. १९९२ साली इटलीतील जियाम्पिएत्रो स्कियाव्हो आणि चेझारे मोंतेकुक्को यांच्या गटाने दाखवले की धनुर्वाताचे विष आणि बोट्युलिनमचे ब प्रकारचे विष हेच प्रथिन कापतात. एक प्रथिन तोडले की रसायन सुटणे थांबते, आणि ते प्रथिन पुटिकेवर बसलेले असते. रसायन पुटिकेच्या वाटेने येत नसते तर हे विष एवढे प्राणघातक ठरले नसते.

रानवाटा

ग्रामीण रुग्णालयात काम करणारा डॉक्टर म्हणून एक संदर्भ जोडतो, कारण मज्जातंतूचे टोक आमच्यासमोर रोगाच्या रूपात येते. पावसाळ्यात मण्यार चावलेले रुग्ण येतात. रात्री जमिनीवर झोपलेले असताना दंश झालेला असतो, जखम दिसतही नाही आणि पहाटे पापण्या मिटू लागतात. मण्यारीच्या विषातला एक घटक ग्राही अडवतो आणि दुसरा टोकावरच हल्ला करून पुटिकांचा साठा रिकामा करतो व टोक निकामी करतो. ग्राही अडला असेल तर अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन रोखणाऱ्या निओस्टिग्मिनचा काही उपयोग होऊ शकतो. टोकच निकामी झाले असेल तर सोडायला अ‍ॅसिटिलकोलीनच उरत नाही. उशिरा दिलेले प्रतिविषही झालेले नुकसान उलटवत नाही, आणि नवे टोक तयार होईपर्यंत रुग्णाला काही दिवस कृत्रिम श्वासावर सांभाळावे लागते. नातेवाईकांना हे समजावून सांगणे अवघड जाते.

शरीरक्रिया

रानवाटा यांनी सांगितलेल्या पहिल्या घटकाचाही माशांशी थेट संबंध आहे. तैवानमधल्या मण्यारीपासून चेन-युआन ली आणि त्यांचे सहकारी चांग यांनी १९६३ साली आल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे काढले. १९७० साली ली आणि पॅरिसमधील झाँ-पिएर शाँझो यांनी ते विद्युत् ईलच्या पटलांवर वापरून अ‍ॅसिटिलकोलीनचा ग्राही हाती आणला. तीन वर्षांनी जेम्स पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी ईलपासून शुद्ध केलेला ग्राही सशांना टोचला. सशांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि त्यांचे स्नायू लुळे पडले. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार स्वतःच्याच ग्राहींवरील हल्ल्यामुळे होतो, ही समजूत या सशांमुळे पक्की झाली. तेथे बिघाड ग्राहीत असतो. मण्यारीच्या दुसऱ्या घटकाच्या बाबतीत तो टोकात असतो. विद्यार्थ्यांना हा फरक औषधांच्या यादीवरून शिकवण्यापेक्षा चेतासंधीच्या दोन बाजू दाखवून शिकवला, तर अधिक पक्का बसतो.

मृद्गंध

खोट्या क्षेपकांचा प्रयोग आणि व्हॅम्प, दोन्ही मला मान्य आहेत. द्युनाँ यांच्या गटाने टॉर्पेडोची ऊती मिलिसेकंदाच्या अंतराने झटपट गोठवून पाहिली, तेव्हा रसायन सुटण्याच्या नेमक्या क्षणी पटलात पुटिकांची तोंडे फारशी उघडलेली दिसली नाहीत, पण पटलातले मोठे कण क्षणभर वाढलेले दिसले. हे निरीक्षण १९८६ सालचे आहे. जॉन ह्यूझर आणि टॉम रीझ यांना बेडकावर, सुटणे वाढवणारे औषध देऊन, १९७९ साली याच्या उलट दिसले होते: उघडलेली तोंडे आणि पुंज यांची संख्या जुळली होती. औषधाशिवायच्या स्थितीत पटलात काय घडते, हा प्रश्न मला अजून खुला वाटतो. शिवाय मीडिएटोफोर हे प्रथिन कृत्रिम पिशव्यांतून अ‍ॅसिटिलकोलीन का सोडत होते, याचे उत्तर खाडीकाठ यांनी दिलेले नाही.

खाडीकाठ

बरोबर, त्याचे उत्तर द्यायला हवे. १९९० च्या सुमारास मीडिएटोफोरची रचनाक्रमवारी कळली, तेव्हा ते प्रथिन म्हणजे प्रोटॉन पंपाच्या पटलात रुतलेल्या वर्तुळाकार भागाचा एक घटक निघाला. म्हणजे पुटिका भरण्यासाठी जो पंप लागतो, त्याचाच. अशा घटकांचे वर्तुळ कृत्रिम पटलात बसवल्यावर त्यातून रेणू पाझरू शकतो, एवढे इस्राएल यांच्या प्रयोगाने निश्चित दाखवले. जिवंत टोकात तसेच घडते, हे मात्र त्यावरून ठरत नाही, आणि टॉर्पेडोतल्या खोट्या क्षेपकांचा पुरावा त्याच्या विरुद्ध जातो.

तरीही पंपाचा हा भाग सुटण्याच्या क्रियेत काहीच करत नाही, असे म्हणता येत नाही. यीस्टमध्ये रिक्तिका, म्हणजे पेशीतल्या मोठ्या पिशव्या, एकमेकींत मिसळण्याच्या शेवटच्या टप्प्यात त्याचा सहभाग असल्याचे आंद्रेआस मायर यांच्या गटाने २००१ साली मांडले, आणि २००५ साली फळमाशीवर असे दिसले की त्याच भागातले एक प्रथिन बिघडले तर पुटिका पटलाजवळ येऊनही रसायन नीट सुटत नाही. पुटिका पटलाशी जुळते तेव्हा तोंड उघडण्याच्या पहिल्या क्षणी मेदाचे थर मिसळतात की आधी प्रथिनांचे छिद्र तयार होते, यावर आजही प्रयोग चालू आहेत. पुढच्या प्रतिसादात व्हॅम्प, सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५ ही तीन प्रथिने एकमेकांभोवती कशी वळतात आणि सिनॅप्टोटॅग्मिन कॅल्शियमची खूण कशी ओळखते, यावर लिहितो. या शोधांसाठी टोमास सुडॉफ यांना २०१३ साली जेम्स रॉथमन आणि रँडी शेकमन यांच्यासह नोबेल मिळाले. मृद्गंध, झटपट गोठवण्याच्या प्रयोगांतल्या आकृत्या आपल्याकडे असतील तर त्यांचे वर्णन येथे जरूर द्यावे, म्हणजे बेडूक आणि टॉर्पेडो यांच्यात कोणत्या क्षणाची तुलना होते आहे ते सर्वांना तपासता येईल.